श्रीमंत अरण्य, दरिद्री माती

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस पसरलेलें सदाहरित अरण्य ज्यानें एकदां पाहिलें, त्याला तेथल्या मातीविषयीं शंका अशी येतच नाहीं. शंभर-सव्वाशें फूट उंचीचे वृक्ष, त्यांच्या खोडांना विळखे घालून वर गेलेल्या वेली, भर दुपारींही ऊन खालीं उतरूं न देणारीं पानांचीं छपरें, हें सारें ज्या जमिनीनें पोसलें ती जमीन सोन्यासारखी असली पाहिजे, असें अनुमान तो सहजच काढतो. पीक जोमदार दिसलें म्हणजे माती कसदार, हा न्याय शेतकऱ्यानें पिढ्यान् पिढ्या पडताळून पाहिलेला आहे. तोच अरण्याला लावावयास हरकत कोणती? परंतु उष्ण कटिबंधांतील बऱ्याचशा अरण्यांना तो लागू पडत नाहीं. आणि तो लागू पडत नाहीं हें उमजण्यापूर्वीं माणसानें त्याच्या भरंवशावर अमाप पैसा खर्चिला, आणि पैशानें परत न मिळणारें अरण्यही घालविलें.

ब्राझील देशांत ॲमेझॉन नदीला उत्तरेकडून येऊन मिळणारी जारी नांवाची नदी आहे. १९६७ सालीं डॅनियल लुडविग या अमेरिकन जहाजमालकानें तिच्या कांठची सुमारें १६ लक्ष हेक्टर जमीन खरेदी केली. जगांत कागदाचा तुटवडा पडणार असा त्याचा होरा होता. तेव्हां अरण्य तोडून तेथें लवकर वाढणारीं झाडें लावावीं आणि त्यांचा लगदा विकावा, असा बेत ठरला. त्यासाठीं त्यानें निवडलेलें झाड महाराष्ट्राला परकें नाहीं. सह्याद्रीच्या रानांत वाढणारी, हलक्या परंतु टिकाऊ लाकडामुळें सुतारांना प्रिय असलेली जी शिवण, तीच ही. प्रारंभीं अवजड यंत्रांनीं झाडें उपटून काढण्यांत आलीं. त्यांबरोबर वरचा मातीचा पातळ थरही खरवडला गेला आणि खालची जमीन दडपून कठीण झाली. जेथें चिकणमाती होती आणि तिच्यांत कांहीं कस होता, तेथें शिवण बरी वाढली. जेथें वाळू होती तेथें ती खुरटली. पुढें अशा जागीं कॅरिबियन पाइन लावून पाहावा लागला. लगद्याचा अजस्र कारखाना जपानांत बांधून समुद्रांतून ओढीत १९७८ सालीं जारीच्या कांठीं आणून ठेवला. त्याला पुरेल इतकें लाकूड मात्र जमिनीनें दिलें नाहीं. १९८२ सालीं लुडविगनें सारा कारभार ब्राझिली धनिकांच्या हवालीं करून तेथून पाय काढला. या अपयशाला झाडांवरील रोग, खर्चाचे हिशेब, सरकारचीं धोरणें अशीं इतरही कारणें होतीं, हें सांगितलें पाहिजे. तरीहि मुळांतली चूक लपत नाहीं. ज्या वाळूवर प्रचंड वृक्ष शतकानुशतकें उभे होते, ती वाळू शिवणीची एक पिढीही धडपणें पोसूं शकली नाहीं.

मग त्या मूळच्या वृक्षांनीं खाल्लें काय? झाडाच्या शरीराचा मोठा भाग मातींतून येतच नाहीं. लाकूड म्हणजे मुख्यतः हवेंतला कर्बवायु आणि पाणी यांचें सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें भरलेलें कोठार होय. भलामोठा ओंडका जाळला तरी शेवटीं मूठभर राख उरते. मातीचें देणें बहुतेक तेवढेंच; त्यांतला नत्र तेवढा धुराबरोबर निघून गेलेला असतो. परंतु त्या मुठीवांचून सर्व अडतें. नत्र नसेल तर पानांत हरितद्रव्य तयार होत नाहीं. स्फुरद हा पेशीच्या अंतरंगांतील आनुवंशिक द्रव्याचा घटक. शिवाय पेशींत शक्तीची जी देवघेव अहोरात्र चालते, तिचें नाणें स्फुरदानेंच पाडलेलें असतें. पालाश पानांवरील सूक्ष्म छिद्रांची उघडझांप सांभाळतो आणि झाडांतील पाण्याचा तोल राखतो. चुन्यानें पेशींच्या भिंती बळकट होतात. खताच्या पोत्यांवर छापलेलीं हीं नांवें शहरांतील हौशी बागवाल्यांनाही परिचयाचीं आहेत. कुंडींतला गुलाब मरगळला तर बाजारांतून खताचा पुडा आणतां येतो. हजारों मैल पसरलेल्या अरण्याला तो कोण आणून देणार?

स्फुरद, पालाश, चुना हीं द्रव्यें मूळचीं खडकांतलीं. ऊन, पाऊस आणि मुळांतून स्रवणारीं आम्लें यांच्या योगानें खडकाचा भुगा होतो, भुग्याची माती होते, आणि हीं द्रव्यें मोकळीं होऊन झाडाच्या हातीं येतात. थंड देशांत हें काम मंद चालतें. उष्ण आणि ओल्या हवेंत तें झपाट्यानें चालतें, आणि लाखों वर्षें चालल्यावर खडकाचें भांडवलच संपत येतें. पालाश आणि चुना पाण्यांत विरघळून नदीमार्गें समुद्राला मिळतात. मागें उरतात तीं लोह आणि अल्युमिनियम यांचीं हट्टी संयुगें, जीं पाण्याला दाद देत नाहींत. कोंकणांत चिऱ्यांसाठीं खणला जाणारा तांबडा जांभा हें याच क्रियेचें टोंक आहे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्यानें १८०० सालच्या प्रवासांत मलबारांत लोक ती माती कापून तिच्या विटा करतात असें पाहिलें, आणि वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिला लॅटेराइट हें नांव दिलें. तेंच पुढें जगभर रूढ झालें. ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील लाल-पिवळ्या मातीचा सर्वत्र असा दगड झालेला नाहीं, पण तिची कथा याच जातीची आहे. या मातींत आणखी एक अडचण असते. लोह आणि अल्युमिनियम यांचीं संयुगें उरलासुरला स्फुरद घट्ट धरून ठेवतात. रासायनिक पृथक्करणांत तो सांपडतो, परंतु मुळांना मिळत नाहीं. कुलूप लावलेल्या आणि किल्ली हरवलेल्या पेटींतील दागिन्यासारखी त्याची गत होते.

उत्तरेकडील देशांत हिमनद्यांनीं खडक खरवडून माती पुन्हां नवी करून ठेवली. त्या गोष्टीला फार काळ लोटलेला नाहीं. विषुववृत्तावरील सखल प्रदेशांच्या वांट्याला असें नूतनीकरण आलें नाहीं. अर्थात् उष्ण कटिबंधांतील सगळीच जमीन निकस आहे असें मात्र नव्हे. जावा बेटावर ज्वालामुखी वारंवार ताजी राख टाकतात, अँडीज पर्वतावरून उतरणाऱ्या नद्या दरसाल नवा गाळ आणतात. तेथल्या जमिनी चांगल्याच सुपीक आहेत. मातीचें वय हें या प्रकरणांतलें मर्म आहे.

नत्राचा हिशेब याच्या अगदीं उलटा. तो बहुतेक खडकांत जवळजवळ नसतोच. तो हवेंतून यावयाचा. कांहीं सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र पकडून तो झाडांना वापरतां येईल अशा रूपांत आणतात, आणि पिढ्यामागून पिढ्यांचा पाचोळा कुजून मातींत त्याची ठेव वाढत जाते. म्हणजे नव्या जमिनींत स्फुरद भरपूर आणि नत्र दुर्मिळ. जुन्या जमिनींत नत्र पुष्कळ आणि स्फुरद दुर्मिळ. तर्कानें काढलेलें हें अनुमान तपासावयाचें तर एकाच हवेंत, एकाच खडकावर, एकाच जातीचीं झाडें, परंतु निरनिराळ्या वयाच्या मातींत वाढलेलीं हवींत. अशी जागा सृष्टीनें पॅसिफिक महासागरांत तयार ठेवलेली आहे. हवाई बेटें समुद्रतळांतून उसळणाऱ्या तप्त रसापासून एकामागून एक जन्मलीं आणि वायव्येकडे सरकत गेलीं. पीटर व्हिटूसेक व त्यांचे सहकारी यांनीं या बेटांच्या रांगेंत ३०० वर्षांच्या जमिनीपासून ४१ लक्ष वर्षांच्या जमिनीपर्यंत अनेक ठिकाणें निवडलीं. सर्वत्र उंची सारखी, पाऊस सारखा, आणि ओहिया नांवाचा एकच प्रमुख वृक्ष. तेथें खतें घालून पाहतां असें दिसलें कीं सर्वांत नव्या जमिनीवरील झाडें नत्र दिला कीं वाढूं लागतात आणि स्फुरदाकडे ढुंकूनही पाहत नाहींत. कौआई बेटावरील सर्वांत जुन्या जमिनीवर नेमकें उलट घडलें. तेथें नत्राचा कांहीं उपयोग झाला नाहीं, स्फुरदानें मात्र झाडें वाढलीं. मधल्या वयाच्या जमिनीवरील झाडांना दोन्ही हवे होते. निसर्गशास्त्रांतील अनुमानें इतकीं चोख क्वचितच उतरतात.

कौआईवरील त्या जुन्या मातींतला खडकाचा स्फुरद तर कधींच सरलेला होता. मग झाडें अजून जगतात तीं कशावर? १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें याचें उत्तर मध्य आशियांत शोधून काढलें. तेथल्या वाळवंटांतून उडालेली धूळ हजारों मैल समुद्र ओलांडून बेटांवर उतरते, आणि जुन्या मातींतला स्फुरद मुख्यतः तिनें आणलेला असतो. ॲमेझॉनच्या अरण्यालाही असाच एक दूरचा दाता आहे. आफ्रिकेंतील चाड देशांत बोडेले नांवाचा सखल प्रदेश आहे. प्राचीन काळीं तेथें विस्तीर्ण सरोवर होतें. तें आटलें आणि त्यांतील सूक्ष्म जलवनस्पतींच्या अवशेषांचा गाळ उघडा पडला. तो वाऱ्यानें उडतो आणि सहारांतील इतर धुळीसह अटलांटिक महासागर ओलांडतो. उपग्रहांनीं २००७ ते २०१३ या काळांत केलेल्या मोजमापांवरून असा अंदाज करण्यांत आला आहे कीं या धुळीबरोबर ॲमेझॉनच्या खोऱ्यांत वर्षाला सुमारें २२ हजार टन स्फुरद पडतो, आणि जवळपास तितकाच पावसापुरांत वाहून जातो. आंकडा मोठा वाटतो. पण खोऱ्याच्या विस्तारावर तो वांटला तर हेक्टरामागें कांहीं ग्रॅमच येतात. वाळवंटाची कृपा अरण्यावर असावी, हा योगायोग मोठा विलक्षण खरा. तथापि एवढ्या मिळकतींत संसार चालावयाचा तो काटकसरीनेंच चालणार.

ती काटकसर पाहण्यासारखी आहे. पान जून होऊन गळण्यापूर्वीं झाड त्यांतला बराचसा स्फुरद आणि नत्र परत खोडाकडे ओढून घेतें. निकस जमिनीवरील झाडें तर अर्ध्याहून अधिक स्फुरद असा काढून घेतात. गळलेलें पान उष्ण दमट हवेंत कांहीं महिन्यांतच कुजतें, आणि त्यांतून जें सुटतें तें मातींत खोल उतरण्याआधींच टिपलें जातें. या अरण्यांत मुळें खोल जाण्यापेक्षां वर पसरणें पत्करतात. पाचोळ्याखालीं त्यांची दाट वीण होऊन एक गादीच बनते. कित्येकदां बारीक मुळें गळलेल्या पानाला खालून चिकटून बसतात. त्यांच्या जोडीला बुरशी असते. तिचे केसाहूनही बारीक तंतु जेथें मूळ शिरूं शकत नाहीं तेथें शिरतात, स्फुरद शोधून झाडाला देतात, आणि मोबदल्यांत झाडाकडून साखर घेतात. व्हेनेझुएला देशांत रिओ नेग्रो नदीवर सान कार्लोस नांवाचें गांव आहे. तेथल्या अत्यंत निकस जमिनीवरील अरण्यांत मुळांच्या अशा गादीवर किरणोत्सर्गी स्फुरद आणि कॅल्शियम शिंपडून पाहण्यांत आलें. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्यांतला हजारांत एक भाग तेवढा गादीखालीं निसटला. बाकीचा सर्व वरच्यावर अडवला गेला.

लुडविगच्या यंत्रांनीं खरवडून टाकली ती हीच गादी. या अरण्याची संपत्ति जमिनींत पुरलेली नसते. ती झाडांच्या अंगावर असते, आणि पान, पाचोळा, बुरशी, मूळ व पुन्हां पान अशी हातोहात फिरत राहते. झाड तोडून नेलें कीं संपत्ति त्याबरोबर गेली. रान तेथेंच जाळलें तर राखेंतून पालाश, चुना आणि स्फुरद एकदम मोकळे होतात, आणि पहिलीं दोन-तीन पिकें दृष्ट लागण्यासारखीं येतात. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा व फांद्या पसरून राब भाजण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यांतही राखेचा हा गुण कामीं येतो. पण कोंकणांतला शेतकरी राब चार हात जागेवर भाजतो आणि त्यासाठीं फांद्या बाहेरून आणतो. संबंध रान जाळणाऱ्याला दुसरीकडून आणावयास कांहीं उरत नाहीं. मुळांची गादी गेलेली असते, राख पहिल्या पावसांतच धुपूं लागते, आणि थोड्याच वर्षांत शेत सोडून पुढें सरकावें लागतें.

एवढें कळल्यावर कोणालाही वाटेल कीं उभ्या अरण्याला खत घातलें तर वृक्ष भराभर वाढतील. हें करून पाहण्यांत आलेलें आहे, आणि निकाल वाटला होता तितका सरळ लागला नाहीं. पनामा देशांत गाटुन सरोवराच्या कांठीं गिगांते नांवाचें द्वीपकल्प आहे. स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनीं तेथल्या जुन्या अरण्यांत ४० मीटर लांबीरुंदीचे ३६ तुकडे आंखून १९९८ पासून त्यांत नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म द्रव्यें हीं कोठें एकेकटीं, कोठें जोडीनें घातलीं. कांहीं तुकडे तुलनेसाठीं तसेच ठेवले. ११ वर्षांच्या नोंदी २०११ सालीं प्रसिद्ध झाल्या. स्फुरद घातलेल्या तुकड्यांत पानगळ वाढली, म्हणजे झाडें अधिक पानें काढूं लागलीं होतीं. पालाश मिळाल्यावर झाडांनीं बारीक मुळांवरील खर्च कमी केला. अन्न आयतें मिळूं लागल्यावर शोधायला इतके हात कशाला? नत्र व पालाश दोन्ही मिळालेलीं लहान झाडें अधिक वेगानें वाढलीं. उंच वृक्षांच्या खोडांचा घेर मात्र कशानेंच वाढेना. एखादें एकच द्रव्य अरण्याची वाढ अडवून धरतें, ही कल्पना शेतांतून आलेली. अरण्यांत मूळ, पान, खोड, रोप आणि जुना वृक्ष यांतल्या प्रत्येकाची उणीव वेगळी निघाली.

ॲमेझॉनच्या जुन्या आणि अधिक निकस मातींत स्फुरदाचें महत्त्व अधिक स्पष्ट दिसतें. ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ अशाच ३२ तुकड्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांत स्फुरद मिळालेल्या तुकड्यांत बारीक मुळांची निर्मिती २९ टक्क्यांनीं आणि पानांची १९ टक्क्यांनीं वाढली. नत्रानें असा परिणाम झाला नाहीं. खोडें येथेंही जशींच्या तशींच राहिलीं. शंभरांवर वर्षें जगणारा वृक्ष दोन वर्षांच्या खतानें आपला स्वभाव पालटील अशी अपेक्षाही कोणी करूं नये.

निकस जमिनीवरचीं झाडें हीं केवळ उपासमारींत दिवस काढणारीं गरीब प्रजा नव्हे, हेंही आतां कळून आलें आहे. पनामांतील शेंकडों जातींच्या वाढीच्या नोंदी मातींतील स्फुरदाशीं ताडून पाहिल्यावर २०१८ सालीं एक मजेदार गोष्ट उघड झाली. एकेक जाति घेऊन पाहिली तर बहुतेक जाती स्फुरद अधिक तेथें अधिक वेगानें वाढतात. संबंध अरण्य घेऊन पाहिलें तर सुपीक जागेवरील अरण्य आणि निकस जागेवरील अरण्य यांच्या वेगांत असा फरक दिसत नाहीं. कारण निकस जागीं ज्या जाती वसतात त्या थोड्या स्फुरदांत झपाट्यानें वाढण्याचा हातखंडा असलेल्याच असतात. जारीच्या वाळूवर जे मूळचे वृक्ष उभे होते ते या कारभारांत मुरलेले होते. शिवणीला ती विद्या येत नव्हती, एवढाच तिचा अपराध.

हा सारा हिशेब आज शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरता राहिलेला नाहीं. कोळसा आणि तेल जाळून हवेंत जो कर्बवायु सोडला जातो, त्याचा कांहीं भाग अरण्यें शोषून घेतात. आणि हवेंत तो वाढला म्हणजे झाडें अधिक वाढतील व अधिक कर्ब सांठवतील असा भरंवसा बाळगला जातो. परंतु लाकूड वाढवावयाचें तर त्या राखेच्या मुठीचीही तरतूद हवी. २०१९ सालीं ॲमेझॉनच्या अरण्याविषयीं १४ निरनिराळ्या गणिती प्रतिकृति ताडून पाहण्यांत आल्या. ज्यांत स्फुरदाची टंचाई हिशेबांत धरली होती त्यांत कर्बवायूमुळें होणारी ही जादा वाढ सरासरीनें सुमारें निम्म्यानें कमी निघाली. हवा उदार झाली तरी माती तितकी उदार होईल असें नाहीं.

तोडलेल्या, जाळलेल्या, गुरें चारून सोडून दिलेल्या जमिनीवर जें अरण्य पुन्हां उगवूं पाहतें, त्याची अडचण वेगळी असते. आगींत स्फुरदाचा बराच भाग राखेंत राहतो. नत्र मात्र धुरावाटे हवेंत उडून जातो. म्हणून जमीन लाखों वर्षांची जुनी असली तरी तिच्यावरील कोंवळें अरण्य पुन्हां नत्रासाठीं भुकेलें होतें, जणूं तें हवाईच्या ताज्या लाव्ह्यावरच उगवलें आहे. ब्राझीलमधील पारा प्रांतांत ओसाड सोडलेल्या शेतांवरील निरनिराळ्या वयाच्या रानांची पाहणी झाली, तींतही २००७ सालीं हेंच आढळलें. कोंवळीं रानें नत्र जपून वापरतात, जुनीं स्फुरद. अशा वेळीं उपयोगी पडतात ते शेंगा धरणारे वृक्ष. भुईमुगाच्या आणि तुरीच्या मुळांवर असतात तशाच गांठी यांच्याही मुळांवर असतात, आणि त्यांत राहणारे जंतु हवेंतला नत्र झाडाला मिळवून देतात. पनामा कालव्याच्या पाणलोट क्षेत्रांत सोडून दिलेल्या कुरणांपासून जुन्या अरण्यापर्यंत केलेल्या मोजणींत, २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, सर्वांत कोंवळ्या रानांतील अशीं झाडें शेजारच्या इतर झाडांच्या नऊपट वेगानें कर्ब सांठवीत असलेलीं आढळलीं. आणि पहिल्या १२ वर्षांत त्यांनीं मिळवलेला नत्र हेक्टरीं ५० हजार किलोग्रॅम कर्ब सांठवावयास पुरेल इतका भरला. ज्यांना उजाड जमिनीवर रान परत आणावयाचें आहे त्यांनीं पहिल्या पावसाळ्यांत कोणतीं रोपें खड्ड्यांत लावावीं, याचें उत्तर यांतून बरेंचसें मिळतें. पुढें रान वाढीला लागलें कीं हींच झाडें नत्र पकडण्याचें काम हळूहळू कमी करतात. कारण तें काम महागाचें असतें, त्याला साखर लागते. तोंपर्यंत पाचोळा कुजून मातींत नत्राची ठेव पुन्हां जमूं लागलेली असते, आणि मुळांची ओढाताण स्फुरदासाठीं सुरू झालेली असते.